सोयर नसलेल्या घरात

परातीतलं पाणी हिंदकळू नये म्हणून महानंदा पायाची बोटं आखडून चालत होती. बाळाच्या अंघोळीचं पाणी होतं ते. डाळीच्या पिठाचा पिवळसर तवंग वर तरंगत होता. अर्धं लिंबाच्या बुडात ओत आणि अर्ध्यात लंगोट भिजव, असं अव्वा, तिची आई, बजावून आडावर गेली होती. महानंदानं परात लिंबाजवळ नेली, तिरकी केली आणि नेमकी तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली.

सरकारी जीप. तिचा आवाज ऐकला आणि दारादारातून घागरी बाहेर आल्या, माणसं त्यांच्या मागून.

"टँकर आला का गं?" समोरच्या लक्ष्मम्मानं ओरडून विचारलं.

"टँकर न्हाई, लक्ष्मम्मा. जीप हाय नुसती."

"मग मागून येत असंल." लक्ष्मम्मानं घागर कमरेवर घेतली आणि ती जीपच्या मागं बघत उभी राहिली.

मागून काहीच आलं नाही. जीपमधून एक गृहस्थ उतरले. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणि हातात नारळ. त्यांनी रुमालानं मान पुसली, घराकडं पाहिलं, मग परात धरून उभ्या असलेल्या महानंदाकडं पाहिलं.

"शिवगंगाबाईंचं माहेर हेच ना? मी नरसिंगराव. त्यांच्या नांदेडच्या कचेरीतला. लातूरला आलो होतो, म्हटलं औसा काही लांब नाही. बाळंतविडा देऊन जावं."

महानंदा परात घेऊनच आत पळाली. अर्धं पाणी उंबऱ्यावर गेलं.

"आक्का! तुझे साहेब आलेत!"

शिवगंगा बाजेवर बसली होती. कान फडक्यानं घट्ट बांधलेले, बाजेखाली शेगडी, खोलीभर ओव्याचा धूर. मांडीवर बाळ पालथं निजलेलं. ती त्याच्या पाठीवर थोपटत होती, पण इतर बाया थोपटतात तसं तळहातानं नव्हे. एकेक बोट आळीपाळीनं उचलून, हलकेच. टायपिस्टचा हात होता तो, रजेवर असला तरी.

बोटं थांबली.

"कोण साहेब? आमचे साहेब? इथं?"

"मग काय! नारळ घेऊन आलेत."

"अव्वा कुठाय?"

"आडावर. नंबर धरून बसली."

"आप्पा?"

"दुकानात. मी हाय की."

शिवगंगानं धाकट्या बहिणीकडं असं पाहिलं, की 'मी हाय की' हीच तर भीती आहे. गेल्या महिन्यात महानंदाला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मिळाला होता. त्याआधी ही पोर हजेरीला 'हजर' म्हणायची ते शेजारच्या मुलीलासुद्धा ऐकू जायचं नाही. आता तिचा आवाज घरात मावत नव्हता.

"लातूरचं विचारायला आले असतील," शिवगंगा म्हणाली आणि बाळाचं टोपडं उगीचच सारखं करू लागली.

लातूरचं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि एकेक कचेरी तिथं बस्तान मांडत होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीचाही नंबर लागला होता. दुष्काळामुळं तर जरा घाईनंच. नांदेडहून कुणाला तिथं न्यायचं, ते नरसिंगराव साहेब ठरवणार होते. टायपिस्टची खुर्ची तिथं एकच होती. दाजी लातूरला शाळेत मास्तर, आक्का नांदेडला कचेरीत. लग्न झाल्यापासून दोघांचा संसार शनिवारच्या एसटीत चालला होता. आता त्यात बाळ. ती खुर्ची मिळाली, तर तिघं एका छपराखाली. नाही मिळाली, तर आक्कानं नोकरी सोडावी, असं सासरी बोलणं सुरू झालंच होतं.

"मी काय बोलू गं त्यांच्यासमोर? असल्या अवतारात? आणि ते कायबी विचारतात. माझ्या लग्नाच्या वेळी तर विचारलं होतं, नवरा पगार हातात देतो का म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"हसले."

महानंदा कपाळाला हात लावून बाहेर आली.

साहेब अजून अंगणातच उभे होते. तिनं ओसरीवरच्या बाजेवर सतरंजी टाकली आणि म्हणाली, "या ना आत."

"नको, नको. मी इथंच बसतो." साहेब बाजेच्या कडेवर टेकले. "बाळंतिणीचं घर. अजून बारसं व्हायचंय. सोयर असेल ना तुमच्यात?"

महानंदानं बोलायला तोंड उघडलं.

सोयर त्यांच्या घरात नव्हतीच. लिंगायताच्या घरी जन्माचा विटाळ धरत नाहीत. बाळ जन्मलं त्याच दिवशी मठातले स्वामी आले होते, बाळाच्या गळ्यात इवलंसं लिंग बांधून, इथंच बसून चहा पिऊन गेले होते. लक्ष्मम्मा तर रोज सकाळी बाळाला उचलून गल्लीभर मिरवून आणायची. 'आमच्यात न्हाई पाळत, साहेब, या आत,' एवढंच म्हणायचं होतं. पण आत गेल्यावर काय होणार, तेही तिला दिसत होतं. साहेब विचारणार आणि आक्का हसणार.

तिनं तोंड मिटलं आणि मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

"पाणी आणू?"

साहेबांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "सोयर आहे म्हणतेस तर... राहू दे."

महानंदाला जरा वाईट वाटलं. ऊन पायरीपर्यंत आलं होतं. पण आता मान हलवून झाली होती.

एवढ्यात लक्ष्मम्मा येऊन घागरीसकट पायरीवर बसली. "टँकरवाले साहेब का? टँकर कवा येनार जी?"

"बघू," साहेब म्हणाले. "कळवतो." मग महानंदाकडं वळले. "बाळ, मला बाईंना दोनतीन गोष्टी विचारायच्यात. मला तर आत जाता येत नाही. तूच विचारून ये. म्हणावं, नोकरी पुढं करायची आहे ना? का घरचे नको म्हणतात? मला लातूरची माणसं ठरवायचीत."

महानंदा पडद्याआड गेली. पडदा म्हणजे आप्पांचं जुनं धोतर. त्यातून शब्दन् शब्द आत येत होता.

"सांग," शिवगंगा कुजबुजली, "ह्यांना विचारून कळवते म्हणावं. आणि सासूबाईंनापण."

"तुला करायची हाय का न्हाई, नोकरी?"

"करायची हाय की! पण असं एकदम..."

महानंदा बाहेर आली. हात मागं बांधले, हनुवटी वर केली. स्पर्धेत सरांनी शिकवलं होतं तशी.

"माझी भगिनी असे म्हणते की, रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती हजर होईल. सकाळी. वेळेवर."

आतून बाज करकरली.

"वा," साहेब म्हणाले. त्यांना असं उत्तर अपेक्षित नसावं. "वेळेवर येतात, ते खरं आहे. बरं, आता जरा नाजूक आहे, पण विचारावं लागतं. मुलगी झाली ना? म्हणजे आता मुलासाठी घरात घाई असणार. विचार, दुसऱ्याचं कधीपर्यंत मनात आहे? मी बाईंना लातूरला नेलं आणि वर्षात परत रजा म्हणाल्या, तर नव्या कचेरीत टायपिंग करायचं कुणी? मी?"

लक्ष्मम्मानं घागर मांडीवर ओढून घेतली आणि टँकर विसरून ऐकू लागली.

महानंदा आत गेली. शिवगंगाचे कान फडक्यात बांधलेले होते, पण गाल लाल झालेले दिसत होते.

"ऐकलंस?"

"ऐकलं. आता काय सांगायचं? सासूबाई म्हणतात लगेच पाहिजे. हे म्हणतात, सावकाश. अन् मला तर..." तिनं बाळाकडं पाहिलं. बाळ झोपेत ओठ चोखत होतं. "मला तर आत्ता हिलाच बघून व्हईना गं. सांग... बघू म्हणावं."

"बघू?"

"बघू."

महानंदा उठली. शिवगंगानं तिचा परकर धरला. तिनं तो अलगद सोडवून घेतला.

या वेळी तिनं हात मागं बांधले नाहीत. स्पर्धेची भाषाही आठवली नाही. पोटातून जे आलं ते आलं.

"आक्का म्हणते, ते आमच्या घरचं हाय, साहेब. ते आम्ही दोघं ठरवू, म्हणजे ती आणि दाजी. कचेरीचं काय असंल ते विचारा, खडाखडा सांगते म्हणते."

लिंबावरचा कावळासुद्धा साहेबांकडं बघत असावा असं महानंदाला वाटलं. बोलायची थांबली असती तर ती पळून गेली असती, म्हणून पुढं बोलत सुटली.

"आणि आक्कानं तुमचंबी विचारलंय. तुमचं बिऱ्हाड लातूरला येणार का? मुलांच्या शाळेचं काय? तुमच्या आईंना कोण सांभाळणार, म्हणून विचारत होती."

"देवळात नंदीच्या कानात सांगत्यात, तसं चाललंय जी," लक्ष्मम्मा खुशीत म्हणाली. "ह्यो नंदी लई बोलका हाय पर."

साहेब रागावतील म्हणून महानंदानं डोळे बारीक केले होते. पण साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला.

"मला हे कुणी विचारलंच नव्हतं अजून," ते म्हणाले. "हुकूम आला, मी निघालो. आई नांदेड सोडायला तयार नाही. गोदावरीत पाण्याची धार उरलेली नाही, तरी रोज जाऊन तोंडाला ओला हात लावून येते. आणि मंडळी म्हणते, आईंना सोडून मी येणार नाही. म्हणजे मी लातूरला एकटाच. हातानं पिठलं करायचं." चष्मा पुसून झाला होता, तरी ते पुसतच होते. "शनिवारी जायचं नांदेडला. बघू."

"आक्कापण आधी असंच म्हणाली होती, बघू म्हणून..." महानंदा बोलली आणि मग जीभ चावली.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. काचांमागून त्यांनी तिला नीट पाहिलं, अगदी पहिल्यांदाच.

"आधी? आणि मग नंतर काय झालं?"



तेवढ्यात फाटक वाजलं. आप्पा आले होते. जीपची बातमी दुकानापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं, खांद्यावर पंचा.

"नमस्कार, नमस्कार! साहेब, अहो बाहेर का बसले? उन्हात? पोरी, पाणी दिलं का न्हाई साहेबांना?"

"नाही, मीच नको म्हटलं," साहेब उठून उभे राहिले. "सोयर आहे ना घरात."

"सोयर?" आप्पा हसू लागले. "कुणी सांगितलं? आमच्यात न्हाई जी तसलं काही. जन्म म्हणजे लिंगाची कृपा. त्याचा कसला विटाळ? चला, चला, आत चला. नात बघा माझी."

सगळ्यांच्या नजरा महानंदाकडं वळल्या. ती लिंबाचं एक पान अतिशय लक्षपूर्वक बघत होती.

साहेबांनी आधी पाणी मागितलं. तांब्या तोंडाला न लावता, वरून, घटाघटा प्यायले. मग दुसरा तांब्या. मग पायातले बूट काढून ते आप्पांच्या मागोमाग आत गेले. महानंदा पडद्याच्या कडेला चिकटून उभी राहिली. इथून पळ काढावा, असं तिला फार वाटत होतं. पण काय होतंय ते बघितल्याशिवाय पळणार कसं?

शिवगंगा पदर सावरून ताठ बसली होती. साहेबांनी बाजेपासून जरा लांबच उभं राहून नारळ आणि कागदातलं झबलं-टोपडं पुढं केलं. आप्पांनी ते घेतलं. साहेबांनी बाळाकडं वाकून पाहिलं.

"बोटं लांब आहेत," ते म्हणाले. "आईसारखी."

मग ते सरळ उभे राहिले.

"बाई, मी मघापासून बाहेर निरोप ऐकतोय. मला एवढंच सांगा, ते निरोप तुमचे होते, की या पोरीचे?"

शिवगंगाची बोटं बाळाच्या पाठीवर होती. ती उचललेली तशीच थांबली. शेगडीतला ओवा तडतडला. आता आक्का हसणार, महानंदाच्या मनात आलं. हसणार आणि म्हणणार, लहान हाय हो ती, मनावर घेऊ नका. तिनं डोळे मिटून घेतले.

"माझेच आहेत, साहेब," शिवगंगा म्हणाली.

महानंदानं एक डोळा उघडला.

"ही फक्त जरा मोठ्यानं सांगते."

"आणि ते शेवटचं? घरचं म्हणून सांगितलंत ते?"

"तेपण माझंच."

आप्पांना यातलं काही कळलं नव्हतं. ते एकदा मुलीकडं, एकदा साहेबांकडं बघून मान डोलवत होते.

"लातूरला नवं मशीन आलंय," साहेब म्हणाले. "मराठी. अजून कुणी हात लावलेला नाही. बटणं फार कडक आहेत म्हणतात."

"चार दिवस हात बसला की हलकी होतात, साहेब."

"असं का?" साहेब म्हणाले. "मग तसंच ठेवतो. कुणाला हात लावू देत नाही."

आप्पांनी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. डिंकाचे दोन लाडू कागदात बांधून दिले. ओसरीवर बूट घालताना साहेब महानंदाकडं बघून म्हणाले, "म्हणजे आता घरी गेल्यावर मला अंघोळ करायची गरज नाही?"

"पाणी असलं तर करा की, साहेब."

लक्ष्मम्मा घागरीवर थाप मारून हसली. आप्पांनी 'नंदे!' म्हणून डोळे वटारले, पण साहेबच हसायला लागले. म्हणून मग आप्पाही हसले.

"अन् टँकर?" लक्ष्मम्मानं संधी सोडली नाही.

"बघ..." साहेबांनी सुरुवात केली. त्यांची नजर महानंदाकडं गेली. ते थांबले. "परवा. परवा सकाळी पाठवतो. माझ्या नावानं."

जीप धूळ उडवत निघून गेली. लक्ष्मम्मा परवाची बातमी घेऊन घरोघर निघाली. आप्पा ओसरीवर पंचा अंथरून जरा आडवे झाले.

"नंदे," आतून हाक आली. "इकडं ये."

महानंदा दंड चोळतच आत गेली. चिमटा बसणार तो इथंच, हे तिला अनुभवानं माहीत होतं. पण शिवगंगानं बाजेवर थोडी जागा केली आणि तिला जवळ बसवलं.

"रविवारी बारसं हाय."

"हाव."

"मुखेडहून सासूबाई येणार. पाळण्याला हात लावायच्या आधी विचारतील, दुसरं कवा म्हणून."

"मग मी सांगते ना, सोयर हाय म्हणून, बाहेरच बसा..."

"त्या काय साहेब हायेत? लिंगायताच्याच की. त्यांना कुठली सोयर सांगतीस?" शिवगंगा हसली. मग हसू आवरून म्हणाली, "ते मघाचं परत एकदा म्हण. काय म्हणालीस तू? आमच्या घरचं..."

महानंदा टुणकन उठली. हात मागं, हनुवटी वर.

"तशी नको. खाली बस. हळू सांग. मला म्हणून बघायचंय."

महानंदानं हळू सांगितलं. शिवगंगानं ओठ हलवून बघितलं. पहिल्यांदा नुसताच श्वास निघाला. दुसऱ्यांदा शब्द निघाले, पण ते बाळाच्या टोपड्यातच राहिले.

"ते मी आणि हे ठरवू."

"जरा मोठ्यानं," महानंदा म्हणाली.

"बाळ उठंल."

"उठू दे की. तिच्याच कामाचं हाय."

शिवगंगानं बाळाच्या पाठीवरचा हात उचलला नाही. बोटं पुन्हा एकेक करून चालू लागली, सावकाश, जणू वाक्याच्या सुरुवातीपासून. तिनं मान वर केली.

"ते मी आणि हे ठरवू."

बाळ दचकलं, दोन्ही हात हवेत फेकले आणि परत झोपलं. ओसरीवरची बाज करकरली.

"काय म्हणालीस गं, शिवगंगा?" आप्पांनी विचारलं.

महानंदा निरोप न्यायला अर्धी उठली होती. पण आक्कानं तिसऱ्यांदा, आप्पांना ऐकू जाईल एवढ्यानं, तेच वाक्य म्हटलं, आणि ते धोतराच्या पडद्यातून सरळ बाहेर गेलं. महानंदा परत खाली बसली.